जमीन समतलन (इमारतीतील)

जमीन समतलन (इमारतीतील) : इमारतीच्या खोलीतील पायाखालचा पृष्ठभाग, म्हणजे जमीन, उतरती वा उंचसखल असल्यास ती अंतिम आच्छादन घालण्यापूर्वी सपाट वा समपातळीत आणण्याची क्रिया. गालिचा, लिनोलियम, लाकडी फळ्या वा पातळ कृत्रिम फरश्या अशा आच्छादनांखाली जी काँक्रीटची, कोब्याची किंवा दगडी फरशीची टणक बैठक असते, तिला तळजमीन म्हणतात. आच्छादन जितके पातळ व लवचिक तितके तळजमिनीतील दोष त्यातून वर उमटतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः काँक्रीटच्या उतरत्या तळजमिनीवर गालिचा घालण्यापूर्वी करावयाच्या कामाचे विवेचन केले आहे.

समतलनाचे तंत्र अवघड नाही, परंतु त्याआधीचे निदान महत्त्वाचे असते. विशेषतः काळ्या मातीच्या प्रदेशात जमिनीचा उतार हा कधी मुद्दाम दिलेला ढाळ असतो, कधी गवंडीकामातील दोष असतो, तर कधी इमारतीखालील माती हलत असल्याची खूण असते. तिसऱ्या प्रकारचा उतार भरून काढून त्यावर गालिचा पसरल्यास दोष दूर होत नाही. तो केवळ दृष्टीआड होतो.

सपाटपणा व समपातळी : या दोन गुणधर्मांत फरक केला पाहिजे. पृष्ठभागावर कोठेही सरळ पट्टी ठेवली असता तिच्याखाली लक्षणीय फट राहत नसेल, तर तो पृष्ठभाग सपाट होय. त्यावरील सर्व बिंदू क्षितिजसमांतर प्रतलात असतील, तर तो समपातळीत आहे असे म्हणतात. उतरती जमीन सपाट असू शकते आणि सर्वसाधारणपणे समपातळीत असलेल्या जमिनीवरही खळगे व उंचवटे असू शकतात.

गालिच्याला स्वतःला सपाटपणा आवश्यक असतो, समपातळी नव्हे. चित्रपटगृहांच्या व नाट्यगृहांच्या उतरत्या जमिनीवर गालिचा थेट घालतात व तो उत्तम टिकतो. ब्रिटिश प्रमाणपद्धतीतील जमिनीच्या सपाटपणाच्या मधल्या प्रतीत २ मी. लांबीच्या पट्टीखाली ५ मिमी. पर्यंतची तफावत मान्य आहे व नेहमीच्या गालिच्यास ती चालते. समपातळीची गरज इतर कारणांनी निर्माण होते : कपाटे व मेजे डुगडुगतात, दारे आपोआप उघडतात वा मिटतात, चाकांची आसने घरंगळतात. शंभरास एक इतका सौम्य ढाळ चालताना सहसा जाणवत नाही. म्हणून उतार सौम्य, सपाट व स्थिर असेल आणि खोलीच्या वापरास बाधक नसेल, तर तो तसाच ठेवून केवळ खळगे भरून घेणे, हा पुष्कळदा सर्वांत शहाणपणाचा व कमी खर्चाचा मार्ग असतो.

पारंपरिक पद्धती : महाराष्ट्राच्या पठारी भागातील जुन्या घरांत मातीची जमीन करीत. मुरूम व पांढरी माती पसरून, पाणी शिंपडून ती धुमसाने चोपत व वर शेणाने सारवीत. ही जमीन वरचेवर सारवावी लागे; त्यामुळे तिच्यातील लहानसहान खळगे त्या त्या वेळी बुजविले जात. खालची भूमी किंचित खचली, तरी जमीन तिच्याबरोबर बदलत राही. वाडे, मंदिरे व गढ्या यांत घडीव दगडांची फरसबंदी किंवा चुन्याच्या काँक्रीटचा कोबा करीत. कोब्यासाठी विटांचे तुकडे व घाणीत मळलेला चुना वापरीत आणि तो अनेक दिवस चोपण्यांनी चोपून घट्ट करीत. पुढे कर्नाटकातील वाडी–शहाबाद परिसरातील चुनखडकाची शहाबादी फरशी रेल्वेमुळे सर्वत्र पोहोचली व मध्यमवर्गीय घरांत रूढ झाली. ती मसाल्याच्या थरावर बसवीत असल्याने थराची जाडी कमीअधिक करून खालचा उतार झाकता येई. सिमेंट काँक्रीटची जमीन या सर्वांहून टणक व एकसंध असते. परंतु खालची भूमी हलल्यास ती जुळवून घेत नाही, तिला तडे जातात.

जमिनीवर अंथरण्यासाठी सतरंजी व जाजम यांचा वापर महाराष्ट्रात जुना आहे. पुण्याजवळील येरवड्याच्या कारागृहात एकोणिसाव्या शतकात बंदीजनांकडून गालिचे विणून घेतले जात. ही सर्व अंथरुणे सुटी असतात. ती उचलून झटकता येतात आणि खालची जमीन नेहमी नजरेसमोर राहते. भिंतीपासून भिंतीपर्यंत पक्का बसविलेला गालिचा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कार्यालये, उपाहारगृहे व सभागृहे यांतून आपल्याकडे आला. तो काढून खाली पाहणे सोपे नसल्यामुळे तळजमिनीची आधीच परीक्षा करणे आवश्यक ठरते.

खर्डा परिसरातील परिस्थिती : अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव ११ मार्च १७९५ रोजी मराठे व निजाम यांच्यात झालेल्या लढाईमुळे इतिहासात प्रसिद्ध आहे. तेथील निंबाळकरांचा अठराव्या शतकातील भुईकोट घडीव दगडांचा आहे. गावाचा परिसर बालाघाटाच्या डोंगररांगांमध्ये, पर्जन्यछायेच्या अवर्षणप्रवण प्रदेशात मोडतो. येथील मूळ खडक बेसाल्ट (काळा पाषाण) असून त्याच्या अपक्षयाने उंचवट्यांवर मुरूम व सखल भागात काळी माती तयार झाली आहे. या दोन्हींवर बांधलेल्या इमारतींचे वर्तन एकमेकांहून अगदी भिन्न असते. मुरमावरील किंवा खडकावरील पाया सामान्यतः स्थिर राहतो. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट गटातील मृद्खनिजे असतात. ती पाणी शोषून फुगतात व वाळल्यावर आकसतात. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या खोल भेगा हा याच गुणाचा परिणाम होय. पावसाळ्यानंतर फुगलेली माती जमिनीला वर उचलते आणि वैशाखात आकसताना आधार काढून घेते.

एकाच इमारतीचा एक भाग मुरमावर व दुसरा काळ्या मातीवर असल्यास दोन भाग निरनिराळ्या प्रमाणात हलतात. अशा खोलीतील उतार वर्षभर सारखा राहत नाही. जुन्या माळवदाच्या घराला लागून पुढे सिमेंट काँक्रीटची खोली वाढविली असेल, तर सांध्याजवळ हा फरक विशेष दिसून येतो. हीच स्थिती सोलापूर, धाराशिव, बीड, परभणी इ. काळ्या मातीच्या जिल्ह्यांत सर्वत्र आढळते.

उताराची कारणे : (१) हेतुपुरस्सर ढाळ : ओसरी, सज्जा, गच्ची, न्हाणी, धुण्याची जागा इ. ठिकाणी पाणी वाहून जावे म्हणून साधारणपणे ६० ते १०० मध्ये १ असा ढाळ देतात. अशी ओसरी वा गच्ची पुढे बंदिस्त करून तिची खोली केल्यास तो ढाळ निरुपयोगी ठरतो. हा उतार एकसारखा, तडे नसलेला व बाहेरच्या बाजूस किंवा मोरीकडे असतो. (२) गवंडीकामातील दोष : काँक्रीट ओतताना पातळीच्या खुणा न केल्यास किंवा पट्टी नीट न ओढल्यास जमीन लहरी होते. येथे उताराला निश्चित दिशा नसते. (३) भरावाचे खचणे : जोत्यातील भराव थराथराने पाणी मारून चोपला नसल्यास काही वर्षांत तो दबतो. भिंतींचा पाया वेगळा असल्याने त्या जागच्या जागी राहतात व जमीन मध्यभागी खोल जाते. भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टफरशीखाली फट दिसणे, हे याचे ठळक लक्षण होय. (४) काळ्या मातीचे फुगणे व आकसणे : जमिनीबरोबर भिंतींनाही, बहुधा खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघणारे तिरपे तडे जातात आणि ते ऋतुमानानुसार रुंदावतात व मिटतात. पावसाळ्यात दार अडकणे हा मात्र एकटा पुरावा मानू नये. दमट हवेत लाकूडही फुगते. (५) तक्तपोशीचे लवणे : वरच्या मजल्यावर प्रबलित काँक्रीटची तक्तपोशी (स्लॅब) भाराने वा सळया गंजल्याने मध्यभागी लवते. तिचा खालचा पृष्ठभागही मोजून पाहावा. वरचा पृष्ठभाग उतरता पण खालचा सपाट असेल, तर उतार केवळ वरच्या थरात आहे. दोन्ही लवलेले असतील, तर दोष संरचनेत आहे आणि स्थापत्य अभियंत्याच्या तपासणीशिवाय तिच्यावर कोणताही भार वाढवू नये.

मोजणी : पूर्वी गवंडी पाणसळ, ओळंबा, गुण्या व ताणलेली दोरी एवढ्यावर काम करीत. आजही पाण्याने भरलेली पारदर्शक नळी हे खेड्यातील सर्वांत भरवशाचे व स्वस्त साधन आहे. एकमेकांना जोडलेल्या भांड्यांतील द्रव समान पातळीत राहतो, या तत्त्वावर ती चालते. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये व दोन्ही टोके उघडी असावीत. अलीकडे लेसर किरणाने भिंतीवर क्षितिजसमांतर रेषा पाडणारी उपकरणेही मिळतात.

प्रथम सर्व भिंतींवर जमिनीच्या सर्वांत उंच बिंदूपासून बरोबर १ मी. उंचीवर एक समपातळीतील रेषा आखतात. नंतर खोलीचे १ मी. बाजूचे चौरस कल्पून प्रत्येक छेदबिंदूवर त्या रेषेच्या पातळीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजून कागदावर नोंदतात. हा नकाशा पाहिला की उताराची दिशा, खळगे व उंचवटे तत्काळ लक्षात येतात. तो तारखेसह जपून ठेवावा, कारण स्थिरतेच्या परीक्षेत त्याचाच उपयोग होतो.

स्थिरतेची परीक्षा : उतार वाढत आहे की थांबला आहे, हे एका भेटीत सांगता येत नाही. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवून तिच्यावर तारीख लिहितात. तडा हलल्यास काच फुटते. मोजणीचा नकाशा ऋतुमानानुसार पुन्हा काढतात. काळ्या मातीच्या प्रदेशात माती सर्वांत ओली पावसाळ्याच्या शेवटी व सर्वांत कोरडी मे महिन्यात असते. म्हणून दिवाळीच्या सुमारास पहिली, मे महिन्यात दुसरी व पुढील दिवाळीस तिसरी मोजणी करावी. तिन्ही मोजण्या जुळल्या, तरच जमीन स्थिर मानता येते. केवळ दोन दिवाळींच्या मोजण्या जुळणे पुरेसे नाही. मधल्या उन्हाळ्यात जमीन खाली जाऊन पुन्हा वर आलेली असू शकते.

जमीन हलत असल्याचे आढळल्यास आधी कारण दूर केले पाहिजे. गळक्या नळाचे वा मोरीचे पाणी पायात मुरणे थांबविणे, छपराचे पाणी जोत्यापासून दूर नेणे, जोत्याभोवती बाहेरच्या बाजूस ढाळ असलेली फरसबंदी करणे आणि पाणी शोषणारी मोठी झाडे भिंतीलगत न लावणे, हे उपाय कमी खर्चाचे असून पुष्कळदा परिणामकारक ठरतात. दोष गंभीर असल्यास जमीन फोडून खालची काळी माती काढतात व तेथे मुरूम १५ ते २० सेंमी. च्या थरांनी पाणी मारून चोपून भरतात. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकण मातीचा पुरेसा जाड थर दाबून घातल्यास फुगवटा आटोक्यात येतो, हे मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून दिसून आले. नव्या बांधकामासाठी रूडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर आकार असलेले खोल स्तंभपाये उपयुक्त ठरले आहेत. [→ काळी माती, पाया].

भाराचा विचार : समतलनासाठी घातलेला थर हा इमारतीवरचा कायमचा भार असतो, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे वजन दर घ. मी. ला सुमारे २,१०० किग्रॅ. धरल्यास १ सेंमी. जाडीचा थर दर चौ. मी. ला सुमारे २१ किग्रॅ. भरतो. उदा., ५ मी. लांब व ४ मी. रुंद खोली लांबीच्या दिशेने एका टोकास ४० मिमी. उतरती आहे, म्हणजे ढाळ १२५ मध्ये १ आहे. मसाल्याचा थर फार पातळ ठेवल्यास तो सुटतो, म्हणून उंच टोकास किमान २५ मिमी. थर ठेवला, तर दुसऱ्या टोकास तो ६५ मिमी. होतो. सरासरी जाडी ४५ मिमी. येते. म्हणजे ०·९ घ. मी. मसाला लागतो व त्याचे वजन सुमारे १,८९० किग्रॅ., अर्थात दर चौ. मी. ला सुमारे ९५ किग्रॅ. होते.

भारतीय मानकानुसार राहत्या खोलीसाठी वापराचा भार दर चौ. मी. ला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०४ किग्रॅ. धरतात. यावरून वरील समतलनाने त्याच्या जवळजवळ निम्मा भार कायमचा वाढतो, हे स्पष्ट होईल. भरीव मुरमावरील तळमजल्यास त्याचे भय नाही. वरच्या मजल्यास मात्र आहे. दुरुस्तीच्या निमित्ताने थरावर थर चढविण्याचे परिणाम या प्रदेशाने अनुभविले आहेत. माळवद गळू नये म्हणून वर्षानुवर्षे माती टाकून जड झालेली छपरे व मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ही ३० सप्टेंबर १९९३ रोजीच्या किल्लारी भूकंपातील भीषण मनुष्यहानीची महत्त्वाची कारणे होती.

समतलनाच्या पद्धती : (अ) उंचवटे तासणे : उतार थोडा व उंचवटे मोजके असल्यास टाकीने किंवा घर्षणयंत्राने ते काढतात. भार वाढत नाही, हा याचा फायदा होय. प्रबलित तक्तपोशीच्या सळया उघड्या पडतील इतके खोल तासू नये.

(आ) सिमेंट-वाळूचा थर : ४० मिमी. पर्यंतच्या जाडीस एक भाग सिमेंट व तीन ते चार भाग धुतलेली वाळू यांचा घट्टसर मसाला (गवंडी यास माल म्हणतात) वापरतात. त्याहून जाड भागात बारीक खडीचे काँक्रीट घालणे इष्ट असते. जुना पृष्ठभाग टाकीने टोचून खडबडीत करतात. त्यावरील तेल, रंग, चुना व सुटी धूळ काढून तो आदल्या दिवशी भिजवितात. साचलेले पाणी टिपून घेतल्यावर सिमेंट व पाणी यांचे दाट मिश्रण कुंच्याने चोळून ते ओले असतानाच मसाला घालतात. भिंतीवरील रेषेवरून मोजून ठराविक अंतरांवर मसाल्याचे लहान चौकोन योग्य उंचीस बसवितात, त्यांच्यामध्ये पट्टे भरतात आणि त्या पट्ट्यांवरून सरळ पट्टी ओढून मधला भाग सारखा करतात. शेवटी रंधा फिरवितात. गालिच्याखाली पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत करण्याचे कारण नाही.

(इ) स्वसमतल मिश्रणे : सिमेंट, बारीक वाळू व बहुवारिक द्रव्ये यांची तयार भुकटी पाण्यात कालवून ओतली असता ती स्वतःच पसरून समपातळीत येते. ती काही मिमी. इतक्या पातळ थरातही चिकटून राहतात. म्हणून उताराच्या वरच्या टोकास जाडी जवळजवळ शून्यावर आणणे शक्य होते व भार बराच वाचतो. खालच्या पृष्ठभागावर उत्पादकाने सांगितलेला चिकट लेप आधी द्यावा लागतो व पाण्याचे प्रमाण काटेकोर ठेवावे लागते. पाणी जास्त झाल्यास थर ठिसूळ होतो. ही मिश्रणे महाग असल्याने मोठे खळगे आधी साध्या मसाल्याने भरून घेतात.

(ई) कोरडी पद्धत : उताराप्रमाणे पाचरीच्या आकारात कापलेले लाकडी वासे ठेवून त्यांवर प्लायवुडचे तक्ते बसवितात. भार फार थोडा वाढतो व पुढे सर्व रचना काढता येते. मात्र खर्ड्यासारख्या भागात वाळवीचा उपद्रव लक्षात घेऊन लाकडावर वाळवीरोधक प्रक्रिया करणे आवश्यक असते.

(उ) फरशी पुन्हा बसविणे : तळजमीन शहाबादी फरशीची असल्यास ती उकलून खालचा थर सारखा करून पुन्हा बसविणे हा सोपा उपाय असतो. भरावाचा दोषही त्याच वेळी दुरुस्त करता येतो. गालिचा घालावयाचा असल्यास फरश्यांमधील सांधे काठोकाठ भरून घ्यावेत, नाही तर त्यांच्या रेषा कालांतराने वर उमटतात.

भिजवण व वाळवण : सिमेंटचा थर घातल्यावर किमान सात दिवस, उष्ण व कोरड्या हवेत दहा दिवस, ओला ठेवावा लागतो. कडेने मातीची आळी बांधून पाणी साठवितात किंवा ओली पोती पसरतात. उन्हाळ्यात खर्डा परिसरात पाण्याची टंचाई असते आणि कोरड्या वाऱ्याने थर लवकर सुकून त्याला आकुंचनाचे तडे जातात; त्यामुळे हे काम हिवाळ्यात करणे श्रेयस्कर ठरते.

भिजवण संपल्यावर थर पूर्ण वाळेपर्यंत गालिचा घालू नये. ५० मिमी. पर्यंतच्या जाडीस दर मिमी. ला सुमारे एक दिवस व त्यापुढील जाडीस त्याहून अधिक वेळ, असा ढोबळ ब्रिटिश आडाखा आहे. वरील उदाहरणातील ६५ मिमी. जाडीच्या टोकास म्हणूनच दोन महिन्यांहून अधिक काळ लागतो. पृष्ठभाग पांढुरका दिसला, तरी आत ओल असू शकते. ती पाहण्यासाठी सुमारे ४५ सेंमी. बाजूचा प्लॅस्टिक कागदाचा चौकोन चारही कडांनी चिकटपट्टीने जमिनीवर घट्ट बसवून किमान सोळा तास ठेवतात. कागदाखाली दव साचल्यास किंवा जमीन काळपट झाल्यास थर अजून ओला आहे असे समजावे. आर्द्रतामापकाने मोजल्यास थरावर बंदिस्त केलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी.

जोत्याखाली ओलरोधक थर नसलेल्या जुन्या इमारतीत जमिनीतील ओल सतत वर येत राहते. अशा जमिनीवर व भिंतींच्या तळाशी क्षारांचा पांढरा लोणा दिसतो. उघड्या कोब्यावरून ही ओल हवेत उडून जाते. गालिच्याखाली मात्र ती कोंडते. त्यामुळे चिकटद्रव्य सुटते, तागाचे अस्तर कुजते, बुरशी वाढते व कुबट वास येतो. दमा असलेल्यांना ही बुरशी विशेष बाधक असते. अशा ठिकाणी आधी ओलरोधक लेप द्यावा किंवा पक्का गालिचा टाळून सुटी सतरंजी वापरावी.

दारे, उंबरे व पायऱ्या : जमीन उंचावल्यावर खोलीचे इतर भागांशी असलेले नाते बदलते. दार खालून कापावे लागते; त्यासाठी गालिचा व त्याखालील नमदा यांची जाडीही मोजणीत धरावी. शेजारच्या खोलीशी नवा उंचवटा निर्माण झाल्यास वृद्धांना ठेच लागण्याचा संभव असतो. तो एका सौम्य उतरंडीत मिटवावा. खोलीत जिना उतरत असेल, तर शेवटच्या पायरीची उंची इतर पायऱ्यांहून कमी होते. चढउतार करताना पाय ठराविक उंचीला सरावलेला असल्याने असा फरक अपघातास कारणीभूत ठरतो. ओसरीचा ढाळ भरून काढताना पावसाचे पाणी आता कोठे जाईल, याचाही विचार करावा. बाहेरील अंगण खोलीच्या जमिनीपेक्षा नेहमी खालीच राहिले पाहिजे.

गालिचा बसविणे : वाळलेली तळजमीन झाडून धूळ पूर्ण काढतात. ताणून बसवावयाच्या गालिच्यासाठी भिंतीलगत तिरप्या खिळ्यांच्या लाकडी पट्ट्या ठोकतात, मधल्या भागात नमदा, ताग वा रबर यांचे अस्तर पसरतात व गालिचा ताणून त्या खिळ्यांत अडकवितात. नव्या थराच्या कडा खिळे ठोकताना फुटू नयेत म्हणून थर पुरेसा पक्व झालेला असावा. वर्दळीच्या कार्यालयात गालिचा थेट जमिनीस चिकटवितात. तेथे अस्तर नसल्यामुळे तळजमिनीचा सपाटपणा अधिक काटेकोर असावा लागतो. चौकोनी तुकड्यांचा गालिचा वापरल्यास एखादा तुकडा उचलून खालची जमीन केव्हाही तपासता येते. काळ्या मातीवरील इमारतींत हा प्रकार म्हणून अधिक सोयीचा असतो.

कामाचा क्रम : खर्डा व तत्सम प्रदेशांसाठी सोयीचा क्रम पुढीलप्रमाणे सांगता येईल. एका दिवाळीपासून पुढील दिवाळीपर्यंत तीन मोजण्यांनी जमिनीची स्थिरता पारखावी. त्या अवधीत पाण्याचा निचरा व गळती यांची दुरुस्ती करावी. जमीन स्थिर ठरल्यास मार्गशीर्षाच्या सुमारास समतलन करून पाणी द्यावे, माघ-फाल्गुनापर्यंत थर वाळू द्यावा व ओलीची परीक्षा घेऊन उन्हाळ्यापूर्वी गालिचा बसवावा. पूर्ण वर्षाची ही प्रतीक्षा अनेकांना लांबलचक वाटते. तथापि हलत्या जमिनीवर घातलेला थर पहिल्या एकदोन पावसाळ्यांतच तडकतो आणि तो तडा गालिच्याखाली दिसत नाही. गालिचा पक्का बसविल्यानंतरही त्याच्या एका कोपऱ्यातून तळजमीन उघडून पाहण्याची सोय ठेवणे व भिंतीवरील मूळ रेषेची खूण न पुसणे हितावह असते. त्या खुणेवरून पुढील काळात जमीन पुन्हा उतरू लागल्यास ते काही मिमी. च्या मर्यादेतच कळून येते.